उडत्या वटवाघळाचा फोटो कसा काढावा?
(नवशिक्यांसाठी सोपी, घरगुती आणि बऱ्यापैकी स्वस्त पद्धत)

वाघाचा फोटो काढणं हे आता कौशल्य राहिलेलं नाही, ते आरक्षण झालं आहे. ताडोब्याची सफारी वेळेवर नोंदवली, जिप्सीत पुढची जागा मिळाली आणि वाघालाही त्या दिवशी आळस आला असला, की काम झालं. वाघ उजेडात बसतो, आकाराने मोठा असतो आणि बराच वेळ जागचा हलत नाही. अशा सोप्या विषयाला कंटाळलेल्या, स्वतःच्या आणि घरच्यांच्या सहनशक्तीची परीक्षा पाहू इच्छिणाऱ्या होतकरू मंडळींसाठी ही मार्गदर्शिका आहे.

विषय आहे रात्री उडणारं वटवाघूळ. त्यासाठी प्रवेशशुल्क नाही, गाइड नाही, पहाटे चारला उठणं नाही. वटवाघूळ स्वतः चालून, म्हणजे उडून, तुमच्या सोसायटीत येतं. कुंपणालगतच्या अशोकाखाली किंवा देशी बदामाखाली जो गाडी लावतो त्याला हे वेगळं सांगायला नको. सकाळी गाडीच्या टपावर हजेरी लागलेली असते. त्यामुळे प्राणी शोधायचा प्रश्न मिटला. राहिला तो फक्त फोटोचा.

पायरी पहिली : वटवाघूळ निवडा

भारतात वटवाघळांच्या सव्वाशेहून अधिक जाती आहेत. घाबरू नका. नवशिक्याला त्यातले तीनच प्रकार दिसतात : मोठं, मधलं आणि 'अरे, आत्ता इथे होतं!'

मोठं म्हणजे वडा-पिंपळावर शेकड्यांनी उलटं लटकणारं फळवाघूळ. पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत चार-पाच फूट, वजन दीड किलोपर्यंत. दिवस मावळला की हे सावकाश पंख मारत ठरल्या दिशेने निघतात. आकाशात अजून थोडा निळा उजेड असतो, त्यामुळे काळी आकृती कोणालाही मिळते. पहिला फोटो याचाच काढावा, सगळ्या नातेवाइकांना पाठवावा आणि 'यात तोंड कुठाय?' असं एखाद्या भाच्याने विचारेपर्यंत सुखात राहावं.

'अरे, आत्ता इथे होतं!' म्हणजे पाकोळी. रस्त्याच्या दिव्याभोवती किडे टिपणारी, अवघ्या काही ग्रॅम वजनाची. ती माणसाच्या कानापलीकडच्या, वीस किलोहर्ट्झहून वरच्या आवाजात हाका मारते, प्रतिध्वनी ऐकते आणि किडा कुठे आहे ते ओळखते. किड्याच्या अगदी जवळ गेल्यावर या हाका सेकंदाला शंभरावर जातात. किडा वळला की ती वळते. थोडक्यात, पुढच्या क्षणी आपण कुठे असू हे तिलाच ठाऊक नसतं, मग तुम्हाला कुठून असणार? तरीही बहुतेक नवशिके हिच्यापासूनच सुरुवात करतात, कारण ती दिव्याखाली दिसते आणि दिव्याखाली बसायला कठडा असतो. हा मोह टाळा.

मधलं म्हणजे आखूड नाकाचं फळवाघूळ. वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास, पंखांचा पसारा दीडेक फूट, मोठे पाणीदार डोळे आणि कुत्र्याच्या पिल्लासारखा चेहरा. पेरू, चिकू, जांभूळ, केळफुलातला मध हा त्याचा आहार. हे तुमचं वटवाघूळ. कारण किडा पळतो, पण पेरू पळत नाही. पेरू जिथे आहे तिथे वटवाघळाला यावंच लागतं, आणि एकदा आलेलं ते पुन्हा येतं. सगळी विद्या या एवढ्याशा गोष्टीवर उभी आहे. यापुढच्या पायऱ्या मुख्यतः खर्चाच्या आहेत.

पायरी दुसरी : साहित्य, आणि ते घरात आणण्याची रीत

कॅमेऱ्याच्या दुकानात 'अंधारात उडणारा प्राणी' असं म्हणालात की दुकानदार खुर्ची पुढे सरकवतो आणि चहा मागवतो. तो तुम्हाला तीन वस्तू विकू पाहील. तिन्हींना नम्रपणे नकार द्यायचा.

पहिली, हातभर लांबीची झूम लेन्स. वटवाघूळ तुमच्या कॅमेऱ्यापासून दोन-तीन हातांवर येणार आहे. या लेन्समधून तुम्हाला त्याचा कान सापडेल, तोही सापडला तर. दुसरी, एफ/१.४ची महागडी लेन्स. ती उजेड भरपूर आत घेते, पण फोकसची खोली इतकी उथळ, की नाक स्पष्ट येईल आणि पंख धुक्यात जातील. आपल्याला एफ/८ किंवा एफ/११ लागणार. तेवढं तर कपाटातली जुनी लेन्ससुद्धा देते. तिसरी, आयएसओ लाखावर नेणारा नवा कोरा कॅमेरा. त्यातून फोटो निघेल, पण तो वटवाघळाचा आहे की ज्वारीच्या पिठाचा, यावर घरात वाद होईल.

खरं लागतं ते असं : शटर हवा तितका वेळ उघडा ठेवता येईल असा कोणताही कॅमेरा, साधी पन्नास मिलिमीटरची लेन्स, हाताने ताकद कमी-जास्त करता येणारे तीन जुने फ्लॅश, तीन-चार स्टँड, एक इन्फ्रारेड किरणाचा ट्रिगर, काळी चिकटपट्टी, सुतळी, लाल कागद लावलेला टॉर्च आणि प्लास्टिकच्या पिशव्या. जुने फ्लॅश मुंबईत बोरा बाजारच्या गल्ल्यांमध्ये घासाघीस करून मिळतात. स्टँड महाग वाटले तर बांबू आहेत. ट्रिगर मात्र विकत घ्या किंवा इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या एखाद्या पुतण्याकडून बनवून घ्या. तो प्रकल्प म्हणून कॉलेजात दाखवेल, दोघांचंही भलं होईल.

घरी सांगताना 'फ्लॅश' हा शब्द एकवचनी वापरावा.

पायरी तिसरी : थोडं गणित

कॅमेऱ्यावर १/८००० सेकंद असा आकडा असतो. नवशिक्याला वाटतं, वेगवान प्राणी आहे, लावा हाच आकडा. लावून पाहा. पूर्ण काळी, स्वच्छ, एकही डाग नसलेली चौकट मिळेल. इतक्या थोड्या वेळात अंधारातून आत येण्यासारखा उजेडच नसतो.

इथे शटर काही थांबवत नाही; थांबवतो तो फ्लॅश. बोस्टनजवळच्या एमआयटीत हॅरॉल्ड एजर्टन या विद्युत अभियंत्याने १९३० च्या दशकात विजेच्या क्षणिक झोताने वेगवान गोष्टी गोठवून दाखवल्या आणि पुढे या विद्येची लाट आली. १९७० च्या दशकात ब्रिटनच्या स्टीफन डाल्टन यांनी उडते कीटक टिपण्यासाठी सेकंदाच्या पंचवीस हजाराव्या भागात चमकून विझणारा फ्लॅश वापरला. तुमच्याकडे तसा नाही. पण जुन्या फ्लॅशमध्ये एक गुण दडलेला असतो, तो म्हणजे ताकद कमी केली की तो लवकर विझतो.

समजा वटवाघूळ सेकंदाला पाच मीटर वेगाने येतंय. पूर्ण ताकदीचा फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहून जास्त वेळ जळतो. तेवढ्यात प्राणी पाच मिलिमीटर पुढे जातो आणि पंखाचं टोक त्याहूनही जास्त. फोटोत पिसारा फुलल्यासारखं काहीतरी येतं, वटवाघळाला पिसं नसतात तरीही. तोच फ्लॅश १/३२ ताकदीवर आणला तर बऱ्याच मॉडेलमध्ये झोत सेकंदाच्या पंधरा हजाराव्या भागाजवळ जातो. आता प्राणी मिलिमीटरच्या एकतृतीयांश एवढाच सरकतो, आणि अंगावरची लव मोजता येते.

ताकद कमी केल्यामुळे उजेडही कमी होतो, म्हणून तीन फ्लॅश आणि तेही जवळ. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो, हा नियम घरच्या घरी मोडता येत नाही. फ्लॅश तीन हातांवर ठेवायचा आहे, तीन गुंठ्यांवर नाही.

पायरी चौथी : जागा, आणि जागेचे मालक

आता कॅमेरा घरी ठेवून बाहेर पडा. हे वाक्य दोनदा वाचा, कारण बहुतेक जण ते एकदाही पाळत नाहीत.

फळवाघळं सूर्य मावळल्यावर अर्ध्या-पाऊण तासात खायला निघतात. तुम्ही एखाद्या पेरूखाली, चिकूखाली किंवा केळीजवळ गप्प बसायचं आणि पाहायचं : ती कोणत्या फांदीच्या कोणत्या बाजूने येतात, कोणत्या फळाभोवती घिरटी घालतात, कुठल्या मोकळ्या वाटेने बाहेर पडतात. दाट पानांतून जाण्यापेक्षा त्यांना खिडकीएवढी मोकळी जागा आवडते. ती खिडकी सापडली की तुमचा अर्धा फोटो निघाला. पौर्णिमेच्या आसपास जाऊ नका. चांदण्यात काही जाती उघड्यावर यायला कचरतात, आणि तुम्हालाही काळोखच हवा आहे.

सर्वोत्तम जागा म्हणजे केळफूल. लोंबणाऱ्या केळफुलाचं एकेक पान दररोज उघडतं, आत मध असतो आणि वटवाघूळ क्षणभर त्याला बिलगून जीभ आत घालून निघून जातं. खरं तर आपल्या लागवडीच्या केळीला परागीभवनाची गरज नसते, बी नसलेलं फळ तसंच धरतं. पण ही माहिती वटवाघळाला देण्यात काही अर्थ नाही, त्याची बिदागी त्याला मिळतेच आहे.

अडचण एकच आहे. जळगाव-रावेरच्या केळीबागेत फण्या पुरेशा आल्या की घडाच्या वाढीसाठी शेतकरी केळफूल कापून टाकतात. म्हणून तुम्हाला हवी कोकणातल्या एखाद्या घरामागची परसातली केळ. तिथे वटवाघळाची शर्यत शेतकऱ्याशी नसते, ती घरच्या काकूंशी असते. 'फोटो काढ हो बाबा, पण फूल मी परवा उतरवणार. वालाच्या डाळिंब्या घालून भाजी करायचीये.' यावर वाद घालू नये. काकूंना भाजीसाठी दुसरं केळफूल बाजारातून आणून द्यावं. या विषयातला हा सर्वांत किफायतशीर खर्च आहे.

परवानगी मात्र घ्याच, आणि एकट्या काकूंचीच नव्हे. रात्री शेतात तीन बांबू, तारा, लाल दिवा आणि अधूनमधून झोत असं दिसलं, की गावाला एकच शंका येते : गुप्तधन. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि पोलीस पाटलांना तो माहीत आहे. 'वटवाघळाचा फोटो काढतोय' हे उत्तर खरं असलं तरी मध्यरात्री ते अजिबात खरं वाटत नाही. म्हणून दिवसा, उजेडात, पोलीस पाटलांना मोबाइलमधले जुने फोटो दाखवून ठेवा. शहरात हेच काम सोसायटीच्या सेक्रेटरीकडे करावं लागतं. तिथे गुप्तधनाऐवजी 'कोणाच्या खिडकीत बघताय?' हा प्रश्न येतो.

पायरी पाचवी : मांडामांड

साधा कॅमेरा बटण दाबल्यापासून चित्र टिपेपर्यंत सेकंदाचा विसावा भाग घालवतो. तेवढ्यात आपलं वटवाघूळ पंचवीस सेंटिमीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून बटणावर बोट ठेवून, श्वास रोखून, 'आता!' म्हणण्याची पद्धत फक्त सिनेमात चालते. प्रत्यक्षात बटण वटवाघळानेच दाबायचं असतं.

त्याची रीत अशी. येण्याच्या वाटेवर आडवा इन्फ्रारेड किरण सोडा. प्राणी आला की किरण तुटतो. त्याचा इशारा कॅमेऱ्याला द्यायचा नाही, थेट फ्लॅशला द्यायचा. कॅमेऱ्याचं शटर अंधारात दहा-पंधरा सेकंद उघडंच ठेवा, बंद करा, पुन्हा उघडा. किरण तुटला की फ्लॅश चमकतो आणि त्या एका चमकेतच फोटो होतो. आजूबाजूला खरोखर अंधार असेल तरच हे जमतं. म्हणून व्हरांड्यातला ट्यूबलाइट आणि देवघरातला झिरोचा दिवा यांच्याशी आधी बोलणी करून ठेवा.

फोकससाठी स्वयंचलित यंत्रणेवर विसंबू नका. अंधारात ती मागे-पुढे कुरकुरत राहते आणि शेवटी मागच्या गोठ्यावर समाधान मानते. किरण जिथे आहे तिथे सुतळीला एक पेरू टांगा, त्यावर हाताने फोकस करा, लेन्सच्या कड्यावर काळी चिकटपट्टी लावा आणि पेरू काढून घ्या. पेरू काढायचं विसरलात तर पेरूचे अतिशय सुंदर फोटो मिळतील.

दोन फ्लॅश पुढून, जरा वर आणि बाजूला ठेवा. अगदी लेन्सच्या शेजारी ठेवलात तर डोळे लाल निखाऱ्यासारखे येतात आणि तुमचा फोटो भुताच्या सिनेमात खपतो. तिसरा मागून, चौकटीबाहेर. हा तिसरा फ्लॅशच फोटोला शोभा आणतो, कारण वटवाघळाचा पंख म्हणजे लांब बोटांवर ताणलेली पातळ कातडी आहे. मागून उजेड आला की त्यातल्या शिरा आणि बोटांची हाडं दिसतात, आणि हा हात आहे, पंख नाही, हे पाहणाऱ्याला न सांगता कळतं. खरोखर उडणारा सस्तन प्राणी जगात हा एवढाच आहे.

हे सगळं दोन-तीन संध्याकाळी आधी मांडून ठेवा, कॅमेरा नसला तरी बांबू तरी. रोजच्या वाटेवर अचानक उगवलेली वस्तू फळवाघळाच्या मोठ्या डोळ्यांतून सुटत नाही. नवखी वस्तू सवयीची झाली की ते पुन्हा पेरूकडे लक्ष देतं.

पायरी सहावी : प्रत्यक्ष रात्र

आता वाट पाहायची. फ्लॅश चमकेल. तुम्ही आनंदाने उठून पाहाल. चित्रात पतंग असेल. पुढची चमक : एक वाळलेलं केळीचं पान. पुढची : तुमचाच हात, कारण तुम्ही किरण बरोबर आहे ना ते पाहायला गेला होतात. पुढची : घरचा मोत्या, अत्यंत सुस्पष्ट, दोन्ही डोळ्यांत चमक. मग काही काळ काहीच नाही. या काळात डास तुमचं निरीक्षण करतात.

मग एकदम तीन-चार चमका. पहिल्यात नुसतं पंखाचं टोक. दुसऱ्यात शेपटाकडची बाजू, जी फारशी कोणी प्रदर्शनात लावत नाही. तिसऱ्यात वटवाघूळ पूर्ण, पण फोकसच्या वीतभर अलीकडे. इथे नवशिके किरण हलवतात, फ्लॅश हलवतात, लेन्स बदलतात, आणि पुढचं वटवाघूळ बरोबर जुन्या जागी येऊन जातं. काहीही हलवू नका. प्रत्येक चुकीच्या फोटोत ते कोणत्या बाजूने आलं ते वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी, दिवसा, त्या नोंदीप्रमाणे किरण इंचभर सरकवा. या विद्येत प्रगती इंचानेच होते, आणि तीही दिवसाउजेडी.

पावसाळ्यात थंड लेन्स दमट हवेत आणली की धुकं धरते. ती आधी अर्धा तास बाहेर ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत. फ्लॅशला वेगळ्या पिशव्या घाला. स्वतःला घालण्यासाठीही एक ठेवा.

पायरी सातवी : काय करू नये

या पायरीत विनोद नाही, त्यामुळे ती वगळून पुढे जाऊ नये.

वटवाघळं जिथे दिवसा झोपतात तिथे फोटोसाठी जाऊ नका. गुहेत आणि मोठ्या वडाखाली तर नकोच. मोठी फळवाघळं वर्षाला साधारण एकच पिल्लू घालतात. गोंधळ झाला तर आईच्या पोटाला बिलगलेलं पिल्लू खाली पडतं आणि त्याची भरपाई पुढच्या वर्षापर्यंत होत नाही. कळप उडावा म्हणून झाडावर दगड मारणं, फटाका लावणं किंवा टाळ्या पिटणं याला फोटोग्राफी म्हणत नाहीत.

बेळगाव जिल्ह्यातल्या, गोव्याच्या सीमेजवळच्या बारापेडे गुहांमध्ये रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ राहतं. १९१३ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि पुढे कित्येक दशकं जगाला त्याचा हा एकच पत्ता माहीत होता. एकच पत्ता असलेल्या प्राण्याच्या दारात फ्लॅश घेऊन जाणाऱ्याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा. अशा जागा अभयारण्यात असतात, तिथे रात्री जायला बंदी असते, आणि ती योग्य आहे.

वटवाघळाला, त्याच्या लेंड्यांना आणि त्याने अर्धवट खाऊन टाकलेल्या फळाला हात लावू नका. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून पकडलेल्या वटवाघळांत निपाह विषाणूच्या प्रतिपिंडांच्या खुणा सापडल्याचं २०२१ मध्ये जाहीर केलं. म्हणून घाबरून झाडं तोडायची नाहीत; अंतर ठेवायचं. फोटोग्राफरला तसंही अंतरच हवं असतं. चावा किंवा ओरखडा झालाच तर साबण-पाण्याने धुऊन थेट डॉक्टरकडे. आधी फोटो कसा आला ते पाहत बसू नका.

आणि कायद्याचंही ऐका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळवाघळं उंदीर आणि कावळ्यांच्या पंगतीला 'उपद्रवी' यादीत होती; बहुतेकांना कोणतंच संरक्षण नव्हतं. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच निघाली. पन्नास वर्षं ज्याला कायद्याने उपद्रवी म्हटलं, तो प्राणी सावर, मोह, गोरखचिंच यांच्या फुलांना भेटी देतो आणि फळांच्या बिया रानभर टाकत फिरतो. त्याचा एक चांगला फोटो ही त्याची बाजू मांडायची संधी आहे.

पायरी आठवी : फोटो आल्यावर

एक दिवस तो येईल. पंख पूर्ण पसरलेले, डोळे केळफुलावर, जिभेचं टोक बाहेर. मागे नितळ काळोख.

लगेच संगणकावर बसून त्याच्या मागे पूर्ण चंद्र चिकटवू नका. आजूबाजूला तारे पेरू नका. वटवाघूळ आणि चंद्र हे पोस्टरवर खूप झाले. तुमच्याकडे खरा काळोख आहे, तोच ठेवा.

फोटोखाली जातीचं नाव लिहिण्याची घाई करू नका. १९४८ साली अँगस हटन यांनी तमिळनाडूतल्या हाय वेव्ही डोंगरातून एका फळवाघळाचा नमुना आणला. तो 'आखूड नाकाचं फळवाघूळ', म्हणजे आपल्या पेरूवरचाच गडी, म्हणून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात नोंदला गेला. १९७२ मध्ये थायलंडचे किट्टी थॉन्गलोंग्या यांनी तो नीट तपासला तेव्हा ती नवीच जात निघाली, आणि तिला सालिम अलींचं नाव मिळालं. प्राणी हातात होता, तज्ज्ञ समोर होते, तरी चोवीस वर्षं नाव चुकलं. तुमच्याकडे तर नुसता फोटो आहे. 'एक फळवाघूळ' एवढं लिहिलं तरी पुरे.

चेहरा मात्र नक्की दाखवा. अमेरिकेचे मर्लिन टटल, ज्यांनी १९८२ साली वटवाघळांच्या संरक्षणासाठी संस्था काढली, त्यांना जुन्या पुस्तकांतले दात विचकलेल्या वटवाघळांचे फोटो खटकायचे. ते फोटो पकडून धरलेल्या, घाबरलेल्या जनावरांचे होते. म्हणून त्यांनी स्वतः फोटोग्राफी शिकून वटवाघळं आपापल्या कामात असताना टिपायला सुरुवात केली. पेरू खाणाऱ्या वटवाघळाचा चेहरा पाहून कोणी दगड उचलत नाही, एवढं त्यातून घ्यावं.

शंकासमाधान

शंका : वटवाघळं आंधळी असतात ना? मग फ्लॅशचं काय?
उत्तर : आंधळी नसतात. फळवाघळांचे तर डोळेच मुख्य हत्यार आहेत. इटलीच्या स्पालांझानी यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस पाहिलं की डोळे निकामी केलेलं वटवाघूळ उडतं, पण कान बंद केलेलं अडखळतं; पण त्यातून ती आंधळी ठरत नाहीत. म्हणून फ्लॅश कमी ताकदीचा ठेवा, रात्रीत मोजक्याच चमका होऊ द्या, आणि प्राणी यायचा थांबला की सामान आवरा.

शंका : ती केसांत अडकतात का?
उत्तर : अंधारात दोरा ओळखून वळणाऱ्या प्राण्याला तुमचं डोकं दिसणार नाही, असं समजणं हा त्याचा अपमान आहे.

शंका : मोबाइलवर जमेल का?
उत्तर : मोठ्या वटवाघळाची सायंकाळची आकृती जमेल. मधल्याचं नाही. पाकोळीचं नाव काढू नका.

शंका : घुबडावर आणि रातव्यावर हीच पद्धत चालेल?
उत्तर : पेरूवर बसणारं घुबड सापडलं तर चालेल. घुबड आणि रातवा शिकारी आहेत, त्यांची वाट रोज वेगळी. शिवाय घरट्याजवळ फ्लॅश लावला तर पिल्लं उपाशी राहतील. त्यांना डोळ्यांनीच पाहा.

शंका : सगळं पाळलं, तरी फोटो आला नाही तर?
उत्तर : तर दोनच कारणं संभवतात. एक, तुम्ही पायरी चौथीतलं ते वाक्य एकदाच वाचलं. दोन, काकूंनी केळफूल उतरवलं.

समारोप

या विद्येत सर्वांत जास्त पैसे कॅमेऱ्यावर जातात आणि सर्वांत कमी फायदाही कॅमेऱ्याचाच होतो. उडत्या प्राण्याचा माग काढणारा फोटोग्राफर हरतो. ज्याला त्याचं जेवणाचं ताट आणि ताटाकडे येण्याची वाट माहीत आहे, तोच टिकतो. तेव्हा आधी महिनाभर अंधारात रिकाम्या हाताने बसा, मग खर्च करा. आणि फोटो जमला, तो लोकांना आवडला, तर कोणालाही द्या. पण 'जागा कुठली?' असं विचारलं तर फक्त जिल्ह्याचं नाव सांगा.